सिलिंडर जास्त पुरत होता

विमल,

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले आणि ऑक्सिजनचा सिलिंडर अजून इथेच आहे. गॅसवाल्याला खालच्या दुकानातून दोनदा फोन केला. माणूस पाठवतो म्हणतात, येत कोणी नाही. भरलेला चढवायचा असला की दोन हमाल धावत यायचे, रिकामा उतरवायला कोणाला सवड नाही. लोखंडी खाट मंडळाची होती, ती त्यांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नेली. जोगेश्वरीला कोणीतरी तिची वाट बघत होतं. त्यामुळे हॉलमध्ये आता तो एकटाच उभा आहे, काळा, खांद्यावर पांढरा. भेटायला आलेल्यांची नजर आधी त्याच्याकडे जाते, मग तुझ्या फोटोकडे.

आणि सगळे माझी स्तुती करतात. समोरच्या नाईक वहिनी तर दारात उभ्या राहून आल्यागेल्याला सांगतात, "घरी एवढं करणारा नवरा मी बघितला नाही हो. हॉस्पिटलच उभं केलं होतं तिच्यासाठी." मी मान खाली घालतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. तू असतीस तर चादर तोंडावर ओढून हसली असतीस.

गेल्या रविवारी आपली संगीता आली होती. तिच्या सासऱ्यांचा दम वाढलाय. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन ठेवायला सांगितलाय. ती म्हणाली, "बाबा, शनिवारी बोरिवलीला या ना. आईची जशी सोय केली होती तश्शीच करून द्या. तो हातात यायचा दांडा पण."

"दांडा नको," मी म्हटलं.

"का? आईला किती बरं पडायचं त्याने."

मी म्हटलं, बघू. मी बघू म्हटलं की त्याचा अर्थ काय असतो, हे तीस वर्षं तू ओळखून होतीस. संगीता अजून शिकतेय. तर शनिवारी मला तिला का ते सांगावं लागणार. आणि तिला सांगायच्या आधी ते तुला सांगायला हवं. तुला बहुतेक ठाऊकच आहे सगळं, तरी माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे मध्येच कुठे पळवाट काढता येणार नाही.

तुझी फुप्फुसं आकसलीत, आता ऑक्सिजन जन्माचा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू वॉर्डात होतीस. अकरा दिवस झाले होते. मी संध्याकाळी डबा घेऊन आलो तर तू माझं मनगट धरलंस. तुझ्या बोटांत एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी तू सकाळी बोलत होतीस. संगीताचं लग्न कसं झालं, गावच्या घराला कौलं कधी घातली, सगळं सांगत होतीस, आणि ती तुझ्याकडे तोंड करून, डोळे अर्धे उघडे ठेवून ऐकत होती. चहावाली आली तेव्हा कळलं की म्हातारी पहाटेच गेली होती. तू मला म्हणालीस, "तासभर बोलत होते मी. तिने एकदा मान पण हलवली." मग तू गावच्या बोलीवर आलीस, जी तू फक्त रागात नाहीतर भीतीत बोलायचीस. "माका परत थंय नेव नकात."

वॉर्डात परत नेणार नाही, असा मी शब्द दिला. पंधरा दिवसांत सगळं उभं केलं. आता आठवलं की वाटतं, कसं केलं मी हे? पण तेव्हा मजा येत होती, खोटं कशाला बोलू. कारखान्यात बावीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला घरी पहिल्यांदा काहीतरी खरं काम मिळालं होतं. मंडळाची खाट आणली, तिचे पाय विटांवर चढवले. सिलिंडर आतल्या खोलीच्या दारातून वळेना, म्हणून तुझी खाट हॉलमध्ये, बाहेरच्या दाराला लागूनच्या भिंतीशी घेतली. देव्हाऱ्यातला दिवा स्वयंपाकघरात गेला, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही. मशीनला तेल लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण या मशीनला तेलाचं बोटसुद्धा लावायचं नव्हतं. ऑक्सिजन ज्या बाटलीतून बुडबुडत नळीत जातो तिच्यात पाणी उकळून गार करून भरायचं, नाकातली नळी रोज धुवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. मी मोठ्या अक्षरात तक्ता लिहून भिंतीला लावला होता.

खर्चाचा अंदाज मात्र साफ चुकला. डिपॉझिट, भाडं, टेम्पो हे मी धरलं होतं. हमाल मजल्यामागे वेगळे पैसे घेतात हे कोणी सांगितलं नव्हतं. आपण तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली ती वारा चांगला येतो म्हणून. तोच वारा आता मजल्याच्या भावाने विकत घेत होतो. शिवाय इंजेक्शनला येणारा कंपाउंडर, आणि सकाळी आठ ते पाच सेसिलबाय. मरोळच्या गावठाणातली ती ख्रिस्ती बाई, अंगाने रुंद, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिने माझा तक्ता वाचला आणि म्हणाली, "भाऊ, हे सगळं तुमी कारखान्यात लावा. बाईंची कूस मी बाईंना विचारून बदलीन."

आणि तो दांडा. ऑक्सिजनचा फ्लो वाढवायची चावी सिलिंडरच्या वर, माणसाच्या छातीच्या उंचीवर. तुझा हात पोचेना. मी कामावर असताना सेसिलबाय मोरीत असली आणि तुला दम लागला तर? मी लेथवर पितळेचा दांडा ओढला, वर कपलिंग, खाली तुझ्या हाताशी छोटं चाक. त्यावर खुणा केल्या. डॉक्टरांनी सांगितली ती खूण लाल. "दम लागला की असं फिरवायचं," मी तुला दाखवलं. तू फिरवून बघितलंस. बाटलीत बुडबुडे वाढले. दुसऱ्या बाजूला फिरवलंस, ते कमी झाले. तू दोनतीन वेळा तसं केलंस, लहान मुलीसारखं, आणि म्हणालीस, "छान जमलंय हो." माझी छाती फुगली. मी काय बनवून तुझ्या हातात दिलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिले दोन महिने सिलिंडर तीन दिवस पुरायचा. तीन दिवस आणि फार तर एक सकाळ. घर त्या बुडबुडीच्या तालावर चालायचं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत असलो तरी एक कान तिकडे. तुझं बोलणं तीन-तीन शब्दांचं झालं होतं, आणि त्या तीन शब्दांत तू मला माशाचं कालवण शिकवलंस. "कोकम घातलंत काय?" एवढंच हॉलमधून यायचं, आणि मी घातलेलं नसायचं. तीस वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, पण तू ते करतेस कसं हे त्या दोन महिन्यांत कळलं. त्यासाठी तुझे आभार मानायचे राहिले. कालच केलं होतं. बरं झालं होतं.

मग तो रविवार. सिलिंडर दुपारीच संपत आला, गॅसवाल्याचं दुकान बंद, मी कुर्ल्यापर्यंत टॅक्सी करून दुसऱ्याकडून आणला. हमाल मिळाले ते अडवून पैसे घेणारे. त्याच आठवड्यात ऑफिसने फंडातून तिसरी उचल द्यायला नकार दिला होता. रेग्युलेटर बसवताना माझा हात घसरला, बोट कापलं, आणि मी तुझ्याकडे पाठ करून बोललो, "असंच चाललं तर पुढच्या महिन्यात तुला परत वॉर्डात टाकावं लागेल."

तू चादर गळ्यापर्यंत ओढलीस. मी बोटाला चिंधी बांधली आणि कुकर लावायला गेलो. असं वाक्य रागात निघून जातं, माणूस विसरतो. मी खरंच विसरलो होतो.

त्याच्या पुढचा सिलिंडर चार दिवस पुरला.

मला वाटलं, जास्त भरला असेल. पुढचाही चार दिवस. त्याच्या पुढचा पाचव्या दिवशी दुपारी. मला काटा बिघडल्याची शंका आली म्हणून कारखान्यातून दुसरा गेज आणून लावला. काटा बरोबर होता. नाईक वहिनी म्हणाल्या, "देवाची कृपा, दुसरं काय." मी देव मानणारा नाही, तुला माहीत आहे, पण त्या गुरुवारी मी स्वयंपाकघरातल्या दिव्याला न सांगता वात लावली. तू हॉलमधून विचारलंस, "आज काय विशेष?" मी म्हटलं, काही नाही, सहज.

गॅसवाल्याकडे पैसे भरायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, तुमचा माल भरपूर असतो हं. त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "काका, आम्ही एक श्वास पण जास्त भरत नाही. पेशंट कमी घेत असेल." तो हसला. मीही हसलो. पेशंट कमी घेते म्हणजे पेशंट सुधारतेय, असा मी त्याचा अर्थ लावला. लावून घेतला, असं म्हणायला हवं.

कारण घरात काहीतरी वेगळं चाललंय हे मला जाणवायला लागलं होतं. पहिली पाळी सुटली की मी साडेचारला घरी. पूर्वी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो की ती बुडबुड ऐकू यायची, दारावरचा झरोका उघडाच असायचा. आता वळणावर सगळं शांत असायचं. दुपारच्या त्या वेळी बिल्डिंग झोपलेली असते, खाली रस्त्यावर एखादी रिक्षा, बाकी काही नाही. मी चार पायऱ्या चढायचो आणि मग ती बुडबुड सुरू व्हायची. रोज. मी एकदा मुद्दाम वळणावर थांबून बघितलं, तर शांतच. पाय उचलला की सुरू. घराला माझी चाहूल लागायची आणि मग ते श्वास घ्यायला लागायचं. भर दुपारी माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. दार उघडून आत आलं की सगळं जागच्या जागी. तू उशीला टेकून बसलेली, चाक लाल खुणेवर.

नाईक वहिनींनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "तुमच्याकडे दुपारी आवाजच नसतो हो. काल मी दाराला कान लावला. आत कोणी नाहीच असं वाटलं मला. अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात विमलताई आतून म्हणाल्या, वहिनी, काय हवंय? मी चप्पलसुद्धा घातली नव्हती. त्यांना कळलं कसं?"

मी म्हटलं, "आजारी माणसाचे कान तिखट होतात." ते खरंच होतं. तीन महिने पडून पडून तू जिन्यावरचं प्रत्येक पाऊल ओळखायला शिकली होतीस. दूधवाला, पोस्टमन, कंपाउंडर, मी.

आता तो दिवस. कारखान्यात लाइट गेली आणि आम्हाला एकला सोडलं. मी नाक्यावर तुझ्यासाठी चिकू घेतले. तुझी झोप मोडू नये म्हणून तेव्हा मी नेहमीच हळू चढायचो. त्या दिवशी कॅनव्हासचे बूट होते, त्यामुळे आवाज आणखीच कमी. शिवाय ती माझी यायची वेळ नव्हती, तुझे कान तिकडे नसणार. दारापाशी पोचलो तरी आत शांत. किल्ली हातात घेतली, आणि मग तो आवाज आला.

एक बुडबुडा.

मी मोजायला लागलो. मशीनवर काहीतरी चुकीचं वाजलं की मी आधी मोजतो, सवयच आहे. सातपर्यंत आलो तेव्हा दुसरा बुडबुडा. मधल्या वेळात तुझा श्वास ऐकू येत होता, जिना चढणाऱ्या माणसाचा असतो तसा. तू पडून होतीस आणि जिना चढत होतीस.

सेसिलबायचा आवाज आला, "बाई, वाढवा आता. ओठ बघा कसे झाले."

"साडेचार होऊ दे."

"मी भाऊंना सांगीन हा."

तू मध्ये श्वास घेतलास. मग म्हणालीस, "सांग. मग मला... वॉर्डात बघायला ये."

दार माझ्यापासून वीतभर लांब होतं. किल्ली हातात होती. कोणाही शहाण्या माणसाने काय केलं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. मी मागे फिरलो. एकेक पायरी जपून, दुसऱ्या मजल्याच्या खाली उतरलो. तिथे भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहिलो. आणि मग पाय आपटत वर आलो. वळणावर खोकलो. कोणाशी तरी बोलल्यासारखं मोठ्याने म्हटलं, "काय ही लाइटची वाट लागलीय." चार पायऱ्या चढेपर्यंत बुडबुड सुरू झाली होती.

तू विचारलंस, "आज लवकर?" मी म्हटलं, लाइट गेली. बशीत चिकू सोलून दिले. तुझी नखं निळी होती. मी तुला विचारलं, "गोड आहेत का?"

तू म्हणालीस, "खूप."

विमल, त्या दिवसापासून मी रोज पाय वाजवत चढलो. दोन महिने. तुला वेळ मिळावा म्हणून. मी स्वतःला सांगायचो की हा तुझा मान आहे. तू लपवतेस तर तुला पकडू नये, तेवढं तुझं तुझ्यापाशी राहू द्यावं. ऐकायला बरं वाटतं. पण खरं कारण तू पण जाणून असशील. मी चाक लाल खुणेवर धरून बसलो असतो तर सिलिंडर पुन्हा तीन दिवसांवर आला असता, आणि मग मला धाकट्या भावाच्या दारात जावं लागलं असतं. त्याने नाही म्हटलं नसतं. तेच मला नको होतं. गावच्या जमिनीवरून मी त्याला काय काय बोललो होतो ते तुझ्यासमोरच बोललो होतो. तू श्वास वाचवलास आणि मी माझा मान वाचवला. घरात दोघंही काटकसर करत होतो.

आणि मला रोज दिसत होतं. साडेचारला तुझं बोलणं दोन शब्दांचं असायचं, सहाला चार शब्दांचं, रात्री जेवताना पूर्ण वाक्य यायचं. मी रोज संध्याकाळी तुझी वाक्यं लांब होताना ऐकली. एकदा तू म्हणालीस, "तुम्ही आलात की मला बरं वाटतं." मी ते ऐकून घेतलं, वर खुश झालो.

डॉक्टरांना मी एकदाच विचारलं, अगदी आडून, की समजा एखाद्याने कमी घेतला तर? ते म्हणाले, "तर हृदयावर ताण येणार. का, काही प्रॉब्लेम आहे?" मी म्हटलं नाही, सहज. हे "सहज" मी आयुष्यभर फार वापरलं.

बाराव्याच्या दिवशी सेसिलबाय आली, तिचं ठेवलेलं लुगडं न्यायला. मी तिला चहा केला. ती सिलिंडरकडे पाठ करून बसली. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. "भाऊ, मी पाप केलं. बाईंनी मला शपथ घातलेली. मी देवळात जाऊन फादरला सांगून आले. आता तुमाला सांगते."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

तिने चहाचा कप हातात फिरवला. मग म्हणाली, "बाईंना पण माहीत होतं."

"काय?"

"तुमाला माहीत हाय ते. तुमी पाय आपटत यायला लागले ना, दुसऱ्याच दिवशी बाई मला बोलल्या, बघ, कळलंय त्यांना. ढोल वाजवत येतात. आणि हसल्या. किती हसल्या, मग खोकला आला." तिने कप खाली ठेवला. "मी बोलले, मग आता बंद करा ना हे. तर बोलल्या, ते काय विचारत नाहीत, तोवर चालू दे."

ते काय विचारत नाहीत, तोवर. त्या वाक्याला बारा दिवस उशीर झाला होता, आणि आता मी ते घेऊन फिरतोय. तू वाट बघत होतीस का गं? मी विचारलं असतं तर तू रडली असतीस, भांडली असतीस, वॉर्डाचं नाव काढलं असतंस, आणि मी भावाकडे गेलो असतो. की तू म्हणाली असतीस, गप्प बसा, चहा टाका? मला यातलं एकही उत्तर मिळणार नाही. तुझ्याशी वाद घालणं मला कधीच जमलं नाही, आता तर तू दोन्ही बाजूंनी जिंकतेस.

राहिला तो शेवटचा दिवस. संगीताला मी सांगितलंय की तू झोपेत गेलीस आणि मी लगेच पोचलो. पहिलं बहुतेक खरं आहे.

मी साडेचारला आलो. सेसिलबाय दूध आणायला केंद्रावर गेली होती, मला रस्त्यात दिसली, मान हलवली तिने. मी नेहमीसारखा पाय वाजवत चढलो. वळणावर खोकलो. कान दिला. एक बुडबुडा. मोजलं. सातला दुसरा. मी आणखी चार पायऱ्या चढलो, जोरात. सातला तिसरा. मला वाटलं, डोळा लागला असेल तुझा. दारापाशी पोचलो होतो, किल्ली खिशात होती. आणि मी काय केलं माहीत आहे? मी पुन्हा खाली उतरलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत. आणि पुन्हा वर आलो, इतका आपटत की नाईक वहिनींनी दार उघडून बघितलं. "काय झालं?" म्हणाल्या. "काही नाही, मुंग्या आल्यात पायाला," मी म्हटलं, आणि त्या आत जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो. बाटली आपली सातच्या तालात वाजत होती. सिलिंडरला काय, कोणी श्वास घेवो न घेवो, तो देतच राहतो. हे मीच सगळ्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं.

मग मी दार उघडलं.

तुझा हात चाकावर होता. चाक लाल खुणेपासून खूप अलीकडे. तू ते वाढवायला धरलं होतंस की कमी करून हात तसाच राहिला, ते मी ते चाक बनवणारा असून सांगू शकत नाही. हात गरम होता. डोळे दाराकडे होते, अर्धे उघडे. मी खाटेवर बसलो आणि बोलायला लागलो. चिकू, लाइट, भाऊ, सगळं. सेसिलबाय दूध घेऊन येईपर्यंत मी बोलत होतो. मला एकदा वाटलं की तू मान हलवलीस.

डॉक्टर आले आणि म्हणाले, "नुकत्याच गेल्यात." नुकत्याच म्हणजे किती? मी जिन्यात दुसऱ्यांदा खाली उतरलो त्याच्या आधी की नंतर? डॉक्टर बॅग आवरेपर्यंत माझ्या समोर उभे होते. मी विचारलं नाही.

हल्ली मी जिना चढताना आपोआप पाय आपटतो. परवा वळणावर थांबलो तर वरून एक बुडबुडा ऐकू आला. मोजलं, सातला दुसरा. वर जाऊन बघितलं, सिलिंडरची किल्ली बंद, बाटली कोरडी, कधीच काढून ठेवलेली. मोरीतला नळ गळत असेल म्हणून त्याचा वायसर बदलला. काल पुन्हा ऐकू आला. मी आता घाबरत नाही. पण हळू चढायचं धाडसही होत नाही. हळू चढलो आणि काहीच ऐकू आलं नाही, तर मग काय करू?

शनिवारी बोरिवलीला जाणार आहे. त्याआधी उद्या भावाकडे जातोय. संगीताला पैसे कमी पडू नयेत म्हणून, आणि माझं मागचंही काही आहे म्हणून. संगीताला सगळं बसवून देईन. खाटेची उंची, उकळलेलं पाणी, नळी कशी धुवायची, तेल का लावायचं नाही. चाक सासऱ्यांच्या हाताशी देणार नाही. ती का म्हणून विचारेल, आणि मी तिला बसवून हे सगळं सांगेन, जिन्यासकट. मग तिने मला बाबा म्हणायचं की नाही ते तिने ठरवावं. आणि निघताना तिला बजावणार आहे की सिलिंडर ठरल्यापेक्षा जास्त पुरायला लागला तर देवाचे आभार मानत बसू नकोस. त्याच मिनिटाला खाटेवर बस, त्यांचा हात धर आणि विचार.

मी विचारलं नाही, विमल.